दुपारची रिंग

विहिरीच्या तळाशी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून कप्पीवाली बुडालेल्या मोटारीला साखळी अडकवत होती, आणि वर काठावर तिचा धाकटा दीर फोनवर बोलत होता. आता खाली माणूस पाण्यात असताना वरच्यानं साखळी सोडून फोनवर बोलावं का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण हा गडी बोलत होता, आणि तेही असा की चार शेतं पलीकडची गुरं माना वर करून बघत होती.

"हॅलो. हॅलो. अहो, मोठ्यानं बोला. कुठली विहीर? हॅलो."

"भाऊजी, आधी साखळी धरा," खालून आवाज आला.

"धरतो, वहिनी. गिऱ्हाईक आहे. हॅलो. अहो, मी ओरडतोय आणि तुम्ही काय कुजबुजताय?"

गिऱ्हाईक कुजबुजत नव्हतं, फोनचाच घसा बसला होता. बटणांचा जुना फोन. त्याच्यावरचे आकडे बोटांनी पुसून गेलेले, पाठचं झाकण रबरानं बांधलेलं, आणि काचेचा अर्धा भाग काळा. कानाला लावला की आत मुंगी बोलतेय असं वाटायचं. पलीकडच्या माणसानं शेवटी कंटाळून ठेवून दिला. नंबर कुणाचा होता तेही काळ्या काचेत दिसेना.

मग धाकट्यानं साखळी धरली. विहिरीच्या तोंडावर तीन लोखंडी पाइपांचं तिकाटणं उभं होतं, त्याला चेन-कप्पी लटकवलेली. तो एकेक हात ओढत गेला तशी मोटार करकरत, गाळ गाळत वर आली. तिच्यामागून दोराला धरून, भिंतीच्या दगडांत पाय रोवत कप्पीवाली वर आली. पदर कमरेला खोचलेला, कोपरापर्यंत काळं तेल. ऊन असं होतं की ओल्या साडीतून वाफ निघत होती. तिनं हात मातीत घासले, पदराला पुसले, दिराच्या हातातून फोन घेतला आणि घरचा नंबर लावला. कानाला लावला नाही. हातात धरून थोडा वेळ वाजू दिला आणि कापला.

ही दुपारची रिंग. ती झाल्याशिवाय त्या घरात कुणी जेवत नसे.

"वहिनी, आता मोठा फोन घ्या बाई. काचेवाला," धाकटा म्हणाला. "धंदा असा नाही चालायचा. आज एक गिऱ्हाईक गेलं ते माझ्या डोळ्यांदेखत गेलं."

"तुमचं काय, तुम्हाला सिनेमे बघायचेत."

"बघीन की. पण गिऱ्हाईक उचलून झालं की बघीन."

दिराचं बोलणं नेहमीच निम्मं सोडून द्यायचं असतं, पण उरलेलं निम्मं खरं होतं. उन्हाळा म्हणजे या धंद्याची सुगी. पाणी तळाला जातं, मोटारी गाळ ओढतात, जळतात, अडकतात, आणि मग लोक कप्पीवाल्याला हाका मारतात. तिचा नवरा होता तेव्हा या दिवसांत त्याला डोकं खाजवायला फुरसत नसे. तो विहिरीत उतरायचा आणि ही वर दोर धरायची. यंदा तो नव्हता. ही उतरत होती, धाकटा वर उभा राहत होता, कारण काठावरून खाली बघितलं की त्याला गरगरायचं. अंगानं रेड्यासारखा आणि काळजानं चिमणीसारखा, असं त्याची आईच म्हणायची. पण यंदा कामाला बोलावणंच येत नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं कप्पीवालीनं मनाशी धरलं होतं. लोकांच्या मोटारीच यंदा बिघडत नसतील.

त्या दिवशी घरी जाताना हा भ्रम फिटला. लिंबवाल्या काकांच्या विहिरीवर तिकाटणं उभं होतं आणि ते तिचं नव्हतं. पलीकडच्या गावची टोळी मोटार ओढत होती. काका बांधावर छत्री धरून बसले होते. तिला बघून त्यांनी छत्री जराशी खाली केली, पण छत्रीत माणूस कितीसा मावणार.

"काका, आमचं काय चुकलं?" तिनं सरळच विचारलं.

"चुकलं काहीच नाही गं, पोरी."

"मग आम्हाला का नाही बोलावलंत? तुमची मोटार आम्ही किती वेळा काढली असेल."

काकांनी छत्री मिटली. "त्याचा नंबर मी काढून टाकला. फोन उघडला की दिसायचा. बघवेना. आणि मेलेल्या माणसाचा नंबर ठेवून करायचं तरी काय, असं वाटलं."

"पण त्याच नंबरावर मी असते की."

"ते कुठं माहीत. आणि खरं सांगू? मधे तुझा फोन आला होता. तेव्हा नंबर होता. माझ्या बायकोच्या हातात होता फोन आणि वर नाव उमटलं त्याचं. तिनं फोन चुलीपाशी टाकला तो टाकलाच. दोन दिवस तापानं फणफणली." काकांना स्वतःचीच लाज वाटली असावी. "तू वाईट वाटून घेऊ नको. पुढच्या खेपेला तूच ये."

पुढची खेप म्हणजे पुढचा उन्हाळा. धाकटा वाटेत एकदाही म्हणाला नाही की मी सांगत होतो. एवढं शहाणपण त्याच्याकडे होतं. घर आलं तेव्हा तीच म्हणाली, "बाजाराच्या दिवशी जाऊ. पण जुना नंबर सोडायचा नाही. तो आईंसाठी राहिला पाहिजे."

हे आईंचं काय ते सांगायला हवं.

सासूला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. उजेड आणि अंधार कळायचा, समोर माणूस आहे एवढं कळायचं. थोरला मुलगा, म्हणजे कप्पीवाला, विहिरीत उतरायचा आणि म्हातारी दिवसभर घरात जीव मुठीत धरून बसायची. म्हणून त्यानं तिला एक छोटा फोन आणून दिला आणि त्यात आपल्या नंबराला पाव्याची धून लावली. बाकी सगळ्यांना साधी घंटी. दुपारी काम उरकून वर आला की तो रिंग द्यायचा. आईनं उचलायची नाही. पावा वाजला म्हणजे पोरगा वर आला, जिता आहे, आता जेवायला बसायला हरकत नाही. साधी घंटी तर म्हातारी कधीच उचलत नसे. दिसत नसताना परक्याशी काय बोलायचं, म्हणायची.

गेल्या उन्हाळ्यात एका जुन्या विहिरीत इंजिनाचा धूर साठला होता. कप्पीवाला उतरला आणि त्याला भोवळ आली. वर दोर कप्पीवालीच्या हातात होता. दोर एकदम जड झाला, मग जडच राहिला. माणसं धावली, त्याला वर काढलं, आणि कुणीतरी हिला म्हणालं की घरी कळवा. त्याचा फोन काठावरच्या सदऱ्यात होता. हिनं तो घेतला आणि काही न सुचून घरचा नंबर लावला. नेमकी दुपार होती. तिकडे पावा वाजला. म्हातारीनं नेहमीसारखा वाजू दिला, पण तो थांबेना. वाजतच राहिला म्हणून तिनं उचलला.

"बोल रे. आज काय बोलायचंय?"

हिच्या तोंडून शब्द निघाला नाही. हिनं फोन कापला. मग संध्याकाळी बैलगाडीतून त्याला आणलं तेव्हा म्हातारीनं हातानं चाचपून काय ते जाणलं. तिला तोंडानं असं कुणी सांगितलंच नाही. ही गोष्ट कप्पीवालीच्या जिवाला लागून राहिली होती. आपल्याला तेवढं एक वाक्य बोलता आलं नाही, असं तिला रोज वाटायचं.

पुढे पोटासाठी ती स्वतः विहिरीत उतरायला लागली. पहिल्या दिवशी निघताना सासू म्हणाली, "दुपारी रिंग दे."

"कुठल्या फोनवरून?"

"त्याच्याच. पावा वाजू दे."

हिला वाटलं, म्हातारीला मुलाचा भास हवा आहे. असू दे. भासाला काही खायला घालावं लागत नाही. तेव्हापासून एक दुपार चुकली नव्हती.

बाजाराच्या दिवशी दोघं तालुक्याला फोनच्या दुकानात गेली. दुकानात गारवा होता आणि भिंतभर फोन टांगलेले. दुकानदार केस चोपडलेला, तोंडाचा पट्टा सुरू.

"हा घ्या, ताई. कॅमेरा असा की चेहऱ्यावरचा डाग न् डाग दिसेल."

"डाग मला आरशात फुकट दिसतात. आवाज किती येतो ते सांगा. शेजारी इंजिन चालू असताना ऐकू आलं पाहिजे."

"मग हा बघा. गेम काय पळतात याच्यावर."

"आम्ही विहिरीवर काम करतो. तिथं काही पळत नाही," धाकटा म्हणाला. "दिवसभर चालेल का? रानात वीज नसते."

दुकानदारानं मग फोन बदलला, बोलणंही बदललं. हा पाण्याला दाद देत नाही, हा पडला तरी फुटत नाही, याची बॅटरी संपता संपत नाही. म्हैस पाण्यात आणि मोल वर, असला तो सगळा कारभार. कप्पीवालीनं कोपऱ्यातल्या माठातलं पाणी हातावर घेतलं आणि ओल्या बोटानं काच दाबून बघितली. एका फोनला कळलंच नाही. दुसऱ्याला नको ते कळलं आणि त्यावर गाणं सुरू झालं. तिसरा जाडजूड, काळ्या रबराच्या कवचातला, दिसायला मेला कुरूप. पण ओलं बोट त्याला कळलं. मागून आवाजही असा आला की रस्त्यावरचा माणूस वळून बघू लागला.

"हाच द्या," ती म्हणाली.

"बरं. आता अंगठा ठेवा इथं. म्हणजे तुमच्याशिवाय कुणाला उघडणार नाही. ठेवा. उचला. पुन्हा ठेवा. दुसरं बोट ठेवा." दुकानदार वाकून बघायला लागला. "ताई, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत."

"दोरानं नेल्या."

दुकानदारानं फोनची काच पुसली. मग म्हणाला, आपण आकड्याचं कुलूप लावू. त्यानं जुना फोन तारेनं जोडला आणि त्यातली नावं नव्या फोनमध्ये उतरवून घेतली. वाचता वाचता त्याला हसू यायला लागलं.

"'आई'. हे एक माणूस दिसतंय. बाकी हे काय? 'खारी विहीर', 'सापवाली', 'पायऱ्या नाहीत', 'कुत्रं चावतं'. माणसांची नावं कुठं आहेत?"

"विहिरी आहेत त्या. माणसं त्यांच्या काठावर असतात," कप्पीवाली म्हणाली, आणि नवऱ्याची ही तऱ्हा आठवून तिला हसू आलं, लगेच डोळेही भरून आले. त्याला माणसाचं नाव कधी लक्षात राहिलं नाही, आणि विहीर कधी विसरली नाही.

धाकट्यानं ठरवल्याप्रमाणे नवं कार्ड वहिनीच्या नावानं घेतलं. तो नंबर धंद्याला. लोकांच्या फोनवर आता मेलेल्याचं नाव उमटायला नको. जुनं कार्ड त्याच फोनच्या दुसऱ्या घरात बसवायचं, ते फक्त आईसाठी.

"जुनं कार्ड मोठं आहे. कापावं लागेल," दुकानदार म्हणाला.

"थांबा. दुपार झालीच आहे. आधी मी घरी रिंग देते."

"अहो, मिनिटाचं काम. नव्या फोनवरूनच द्या की."

आणि त्यानं चिमट्यासारख्या यंत्रात कार्ड घालून दाबलंसुद्धा. कार्ड नव्या फोनमध्ये बसलं, पण फोननं ते ओळखलं नाही. त्यानं काढलं, फुंकलं, सदऱ्याला घासलं, पुन्हा घातलं. मग उजेडाला धरून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"फार जुनं होतं, ताई. आतली पट्टी चिरली. पण घाबरू नका, समोर कंपनीची कचेरी आहे. तोच नंबर पुन्हा मिळतो."

कचेरीत खिडकीमागं एक बाई बसली होती. बोलायला चांगली होती, तिचा काही दोष नव्हता. तिनं नंबर बघितला आणि म्हणाली, "हा ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या. त्यांचा अंगठा लागेल."

"ते वारले."

"अरेरे. मग मृत्यूचा दाखला आणा. आम्ही नंबर बंद करून देतो."

"बंद तर झालाच आहे, बाई. मला चालू करून हवाय."

"तसं नाही होत आमच्याकडं. मालकाशिवाय चालू होत नाही."

कप्पीवाली खिडकीपाशी उभीच राहिली. मागच्या माणसानं खाकरून बघितलं. मोटार कितीही खोल असली तरी वर निघते, एवढं तिला ठाऊक होतं. इथं मात्र दोर कशाला बांधायचा तेच तिला उमजेना. धाकट्यानं तिला हाताला धरून बाहेर आणलं.

दोघं परतीच्या गाडीत बसली. मग तिनंच नवा फोन काढून त्याच्या हातात दिला. "जे गेलं ते गेलं. निदान कामाचं तरी बघा. सगळ्यांना कळवा."

धाकट्यानं जीभ चावत चावत मजकूर लिहिला आणि वाचून दाखवला. 'कप्पीवाले वारले. त्यांचा जुना नंबर कायमचा बंद झाला आहे. विहिरीत उतरून मोटार काढण्याचं काम आता त्यांची पत्नी करते. कृपया हा नवा नंबर जपून ठेवा.'

"एकेकाला पाठवू की एकदम सगळ्यांना? इथं सोय आहे, 'सर्व निवडा' म्हणून."

"सगळ्यांना. एकही सुटता कामा नये."

त्यानं 'सर्व निवडा' दाबलं. नावांपुढं भराभर खुणा उमटत गेल्या. नावं कुणी वाचून बघितली नाहीत.

घरी आली तेव्हा उन्हं उतरली होती. सासू उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसली होती, फोन मांडीवर. सकाळचं ताट झाकलेलं तसंच होतं.

"आज वाजला नाही," ती म्हणाली.

"तालुक्याला होतो ना, आई. रेंज नव्हती तिथं," कप्पीवाली म्हणाली.

"तालुक्याला रेंज नव्हती?"

"नव्हती."

"असं होय," म्हातारी म्हणाली, आणि फोन पदरात गुंडाळून आत गेली.

आणि काय सांगावं, दुसऱ्या सकाळपासून नवा फोन खणखणायला लागला. खारी विहीर आली, सापवाली आली, कुत्रं चावतं आलं. लोक हळहळायचे, अहो आम्हाला वाटलं धंदाच मोडला, म्हणायचे आणि पुढच्याच वाक्यात उद्या या म्हणायचे. धाकटा फोन उचलता उचलता घामाघूम झाला. एका विहिरीवरून दुसरीवर जायचं, तिकाटणं रोवायचं, उतरायचं. जितेपणी नवऱ्यानं जोडलेली माणसं आता एका मजकुरावर परत आली होती. तिला बरं वाटायला हवं होतं. पण दुपार झाली, ती ओल्या अंगानं वर आली, फोन हातात घेतला, आणि तसाच खाली ठेवला.

नव्या नंबरावरून लावला तर तिकडे साधी घंटी वाजणार. म्हातारी उचलणार नाही ते वेगळं, पण पावा गेला हे तिला कळणार. तिचा पोरगा एकदा गेला, आता दुसऱ्यांदा गेला, हे तिला सांगायचं कुणी?

त्या संध्याकाळी म्हातारीनं विचारलं, "आजही रेंज नव्हती?"

"विहीर खोलगट रानात होती, आई."

"बरं."

त्याच्या दुसऱ्या दिवशी मोटार वर यायलाच संध्याकाळ झाली. रिंग नाहीच. घरी आली तर म्हातारी दोन घास खाऊन ताट सारून बसलेली. हात थरथरत होते. आताशा असे थरथरतात, वय झालं, असं कप्पीवालीनं मनाशी म्हटलं. माणूस किती आंधळा असतो बघा, आणि आंधळी आपण दुसऱ्यालाच म्हणतो.

रात्रीची भांडी घासताना धाकटा तिच्याजवळ येऊन बसला. "वहिनी, एक सुचलंय. पावा आईच्या फोनात आहे, कार्डात नाही. तुमचा नवा नंबर तिच्या फोनात घालतो आणि त्याला पावा लावतो. तिला काय कळतंय."

"म्हणजे फसवायचं?"

"फसवायचं कसलं? आजवर वाजवत कोण होतं? तुम्हीच ना?"

तिनं हातातलं भांडं पुन्हा घासायला घेतलं. पहाटे म्हातारी झोपेत असताना धाकट्यानं उशाचा फोन काढून काम उरकलं.

त्या दिवशीची विहीर जुनी होती, आत पारव्यांची घरटी. काम लवकर उरकलं. कप्पीवाली वर आली, बांधावर बसली, हात पुसले. नवा फोन तिच्या हातात जड लागत होता. तिनं घरचा नंबर लावला आणि सवयीनं हातातच धरून ठेवला. मनात म्हणाली, वाज रे बाबा, आणि एवढ्यावर निभू दे.

फोनमधून आवाज आला.

"कोण?"

तिनं तो घाईनं कानाला लावला. म्हातारीनं उचलला होता. नवा फोन असा होता की तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"कोण आहे? बोल की. त्या दिवशीही बोलली नाहीस."

कप्पीवालीचे ओठ हलले, शब्द काही निघेना.

"बरं, मी बोलते," म्हातारी म्हणाली. "त्याचा नंबर बंद झाला ते मला ठाऊक आहे. बाजाराच्या दिवशीच कळलं. तुमचा मेसेज माझ्यापण फोनवर आला. फोन टुणकन वाजला म्हणून शेजारच्या गिरणीवालीला बोलावून वाचून घेतला. तिला वाचवेना बिचारीला. मीच म्हटलं, वाच. कप्पीवाले वारले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला सरळ सांगितलं."

"आई," ती कशीबशी म्हणाली. "आई, चूक झाली. सगळ्यांना पाठवा म्हणून मीच म्हटलं. मला तुमचं ध्यानातच आलं नाही."

"त्याचं काही नाही."

"मी खोटं बोलले. पावा गेला हे तुम्हाला कसं सांगायचं तेच सुचेना. तुम्हाला वाटायचं ना, त्याचाच फोन येतोय."

पलीकडे घरामागची कोंबडी ओरडत होती तीही ऐकू येत होती.

"आधी आधी वाटायचा त्याचा," म्हातारी म्हणाली. "खोटं कशाला सांगू. मग कधीतरी तुझा झाला. कधी झाला ते मलाच कळलं नाही. मेलेलं माणूस दुपारी वर येत नाही, पोरी. तू येतेस. पावा वाजला की मी म्हणायची, आली बाई वर." तिचा आवाज फाटला. "तुम्ही पावा जपत बसलात आणि मला रिंग द्यायची राहिली. साधी घंटी वाजवली असतीस तरी चाललं असतं. काल नाही, परवा नाही. दोन दिवस मी इथं उंबऱ्यात बसून तुला विहिरीत मारत होते."

कप्पीवाली बांधावर बसून रडली. नवरा गेला त्या दिवशी दोर हातात होता म्हणून तिला रडता आलं नव्हतं, नंतर धंदा होता, सासू होती. आता ती मोकळी रडली. काठावर धाकटा पाठ करून उभा राहिला आणि उगीचच साखळीचे दुवे मोजत बसला. फोन चालूच होता. म्हातारीनं तो ठेवला नाही.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "वर आलीस ना?"

"आले."

"धाकटा?"

"तो कधी उतरतोय."

"मग जेवा दोघं. मीपण बसते."

घरी गेल्यावर म्हातारीनं धाकट्याला समोर बसवून आपला फोन त्याच्या हातात दिला. "पहाटे माझ्या उशाशी चोरासारखा काय करत होतास ते मोड. हिच्या नावाला साधी घंटी लाव. पावा त्याचा आहे, त्याच्याकडं राहू दे."

"आणि दादाचा नंबर? तो काढून टाकू?" धाकट्यानं विचारलं. "आता बंदच आहे तो."

"राहू दे आत. जागा थोडीच खातो."

धाकट्यानं सांगितलं तसं केलं. पावा त्या घरात पुन्हा वाजला नाही. म्हातारी मधूनच धाकट्याकडून फोन उघडून घ्यायची, ते नाव आहे ना विचारायची, आणि आहे म्हटल्यावर मिटवायला सांगायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी कप्पीवाली 'पायऱ्या नाहीत'मधून दोराला धरून वर आली आणि हात न पुसताच नंबर लावला. अर्धी घंटी झाली नसेल तोच पलीकडून उचलला गेला. म्हातारीचा नुसता श्वास ऐकू येत होता.

"वर आले, आई," ती म्हणाली, आणि पलीकडे ताटावरचं झाकण काढल्याचा आवाज ऐकू आल्यावर तिनं फोन ठेवला.